ब्रेक बोलतो, आपण ऐकतो का?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमची स्कूटर जुनी आहे, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. जुलै लागला तशी ती रोज सकाळी पहिल्या वळणावर ब्रेक दाबला की कुंईऽऽ करून ओरडू लागली. गल्लीतली माणसे वळून बघत. मी मनाशी म्हणायची, पावसाचे दिवस आहेत, ओरडेल चार दिवस आणि थांबेल. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला मात्र त्या आवाजाची लाज वाटायची. एका रविवारी त्याने कुठला तरी व्हिडिओ पाहिला आणि गंज सोडवायच्या स्प्रेची बारीक नळी दोन्ही चाकांच्या ड्रमच्या फटीत घालून भरपूर फवारा मारला. संध्याकाळी मोठ्या अभिमानाने म्हणाला, "अम्मी, चालवून बघा. एकदम सायलेंट!"

खरेच, आवाज गेला होता.

सोमवारी सकाळी धाकटीला मागे बसवून मी शाळेकडे निघाले. कोंढव्यातल्या एका उतारावर पुढची रिक्षा थांबली. मी दोन्ही लिव्हर दाबले. स्कूटर थोडी हळू झाली, पण थांबेना. लिव्हर मुठीला टेकले तरी चाके फिरतच होती. दोन्ही पाय रस्त्यावर घासत, हँडल डावीकडे वळवत मी फुटपाथच्या कडेला धडकले. अल्लाहचा करम, दोघींना खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. पण धाकटी माझ्या बुरख्याला दोन्ही मुठींनी धरून थरथरत होती, ते मी विसरू शकत नाही.

ओळखीच्या मेकॅनिक चाचांनी चाके खोलली. ब्रेक शूवरचे लायनर तेलाने चिंब झाले होते. त्याच्याखाली पाहिले तर लायनर झिजून कागदासारखे पातळ झालेले. चाचा एवढेच म्हणाले, "टीचर, गाडी महिनाभर बोलत होती. तुम्ही तिचं तोंड बंद केलं."

मी शिक्षिका आहे. वर्गात एखादे मूल सारखे ओरडत असेल तर त्याला दटावून गप्प करणे सोपे असते. ते का ओरडते हे विचारणे अवघड असते, पण खरे काम तेच. वर्गात पाळलेला हा नियम मी स्वतःच्या गाडीला लावला नव्हता. त्या दिवसापासून मी ब्रेकविषयी जे शिकले, चाचांना विचारून विचारून जे समजून घेतले, ते आज आपल्यासमोर मांडते आहे. आपण घरी बसून मेकॅनिक व्हावे असा हेतू नाही. गाडी काय सांगते आहे ते आपल्या घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः आई-बहिणींना, ऐकू यावे एवढाच हेतू आहे.

'ब्रेक फेल' म्हणजे नेमके काय?

अपघाताची बातमी आली की आपण दोन शब्दांत विषय संपवतो, "ब्रेक फेल झाला." जणू वीज कोसळली, त्याला कोण काय करणार! पुणेकरांना २० नोव्हेंबर २०२२ ची संध्याकाळ आठवत असेल. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर एका अवजड वाहनाने एकामागून एक अशा चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली. सुरुवातीला सगळीकडे 'ब्रेक फेल' हेच ऐकू आले. नंतर पोलिसांनी सांगितले की इंधन वाचवण्यासाठी चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते.

इंजिन बंद केल्याने ब्रेकचे काय बिघडते? मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर फिरतो. इंजिन बंद झाले की वापरलेली हवा पुन्हा भरली जात नाही. शिवाय गिअरमध्ये असताना इंजिन स्वतःच गाडीला मागे ओढून धरत असते, ती मदतही जाते. थोड्या डिझेलच्या बचतीसाठी गाडी थांबवण्याचे दोन्ही आधार सोडून दिले जातात.

आपल्या स्कूटर-कारचीही तीच गोष्ट. ब्रेक एका क्षणात निकामी होणे, म्हणजे तार तुटणे किंवा नळी फुटणे, हे घडते. पण बहुतेक वेळा आधी बरेच दिवस काही ना काही खूण दिसत असते. आवाज येतो, लिव्हर खोल जाते, पॅडल मऊ लागते, गाडी एका बाजूला ओढते. आपण त्या खुणा टाळत राहतो आणि शेवटी दोष नशिबाला देतो. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरोसा ठेवावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपल्या घरांत लहान मुलांनाही ठाऊक असते. झिजलेल्या ब्रेकवर मुलांना बसवून 'तवक्कुल' म्हणणे हे उंट मोकळा सोडण्यासारखेच आहे.

ब्रेक का ओरडतो?

फळ्यावर खडू सरळ धरून ओढला की कधी कधी कर्कश किंचाळतो. कारण तो सलग घसरत नाही. क्षणभर अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो, आणि हे एका सेकंदात शेकडो-हजारो वेळा घडते. त्या थरथरीचा आवाज आपल्या कानाला झोंबतो. खडू थोडा तिरपा केला की आवाज थांबतो. ब्रेकमध्ये हेच होते.

ड्रम ब्रेकमध्ये चाकासोबत फिरणारे लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचे डबे असते, त्याच्या आत अर्धगोल असे दोन ब्रेक शू असतात. लिव्हर दाबली की तार ओढली जाते, शू पसरतात आणि त्यांच्यावरचे लायनर डब्याला आतून घासते. डिस्क ब्रेकमध्ये चाकासोबत एक चकती फिरते आणि कॅलिपरमधले दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे पकडतात. दोन्हींत काम एकच. गाडीचा वेग घर्षणाने उष्णतेत बदलतो. आणि ही उष्णता थोडीथोडकी नसते. वेग ३० वरून ६० वर गेला, म्हणजे दुप्पट झाला, की थांबवण्यासाठी ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते. आठवीच्या मुलाला विचारा, तो सूत्र मांडून दाखवील.

या घासण्यात धूळ, गंज, ओल, कडक झालेले लायनर किंवा उघडे पडलेले लोखंड, काहीही आले की आवाज बदलतो. म्हणून कोणता आवाज, कधी येतो, हे ओळखणे महत्त्वाचे.

*फक्त सकाळी, पहिल्या दोन-चार ब्रेकला येणारी खरखर.* रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर किंवा ड्रमवर गंजाचा पातळ थर चढतो. तो घासून निघाला की आवाज थांबतो. गाडी धुतल्यावरही असेच होते. यात घाबरण्यासारखे काही नाही.

*दिवसभर, प्रत्येक ब्रेकला येणारी बारीक किंचाळी.* लायनरवर धूळ बसली असेल किंवा ते तापून चकचकीत, कडक झाले असेल. अनेक कारच्या पॅडला मुद्दाम एक बारीक पत्रा बसवलेला असतो. पॅड झिजत आला की तो पत्रा डिस्कला टेकून चिरचिरतो, मालकाला कळावे म्हणून. म्हणजे हा आवाज कंपनीनेच ठेवलेला निरोप आहे. या आठवड्यात गॅरेज गाठा.

*लोखंडावर लोखंड घासल्याचा करकरीत, जाड आवाज.* लायनर किंवा पॅड संपले आहे. आता डिस्क किंवा ड्रमही खराब होऊ लागले. गाडी त्याच दिवशी दाखवा. तोवर चालवू नका.

*ब्रेक न दाबताही येणारा घासण्याचा आवाज.* ब्रेक सुटत नाही, चाकाला चिकटून राहिला आहे. तार गंजली असेल किंवा कॅलिपर जाम झाला असेल. पेट्रोल जास्त लागते, चाक तापते.

*दाबताना एकदा 'टक्' किंवा 'खट्'.* काही तरी ढिले झाले आहे. एखादा बोल्ट, पॅडची पिन किंवा सस्पेन्शनचा भाग. हा आवाज लहान वाटतो, पण टाळू नये.

स्कूटर-मोटारसायकल: शुक्रवारची दहा मिनिटे

माझ्या अब्बांकडे चेतक होती. बजाजने १९७२ साली बाजारात आणलेली ही स्कूटर आपल्या पुण्याचीच, आकुर्डीच्या कारखान्यातली. पुढचा ब्रेक हाताला, मागचा पायाला. अब्बा जुमाच्या नमाजला निघण्याआधी ती पुसत. मग इंजिन चालू न करता हाताने दोन पावले ढकलत, पुढचा ब्रेक दाबत. पुन्हा दोन पावले, मागचा ब्रेक दाबत. गाडी जागच्या जागी थांबली पाहिजे. मगच किक. लहानपणी आम्ही भावंडे हसायचो. आज मला वाटते, आपल्या घराला यापेक्षा सोपी तपासणी कोणी शिकवली नसेल. सुरुवात तिथूनच करा.

त्यानंतर गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावा. इंजिन बंद, चावी काढलेली. लहान मुले लांब.

एक, लिव्हर. बोटाने हळूच दाबा. सुरुवातीला थोडी मोकळी हालचाल असते, मेकॅनिक तिला 'प्ले' म्हणतात. बहुतेक स्कूटरच्या ड्रम ब्रेकला ही हालचाल लिव्हरच्या टोकाशी एक ते दोन सेंटिमीटर असावी लागते; आपल्या गाडीचा नेमका आकडा गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत असतो. लिव्हर जवळजवळ मुठीपर्यंत जात असेल तर ब्रेक ढिला झाला आहे. अजिबात प्ले नसेल तर ब्रेक सतत थोडा लागून राहतो.

दोन, चाक. मागचे चाक हाताने फिरवा. ते सहज फिरले पाहिजे. हलकी सळसळ चालेल, पण मध्येच अडकत असेल तर खोट आहे. मग कोणाला तरी लिव्हर दाबायला सांगा; चाक ताबडतोब बांधल्यासारखे थांबले पाहिजे. पुढच्या चाकासाठी घरातल्या कोणी मागून गाडीचे शेपूट खाली दाबून धरावे, म्हणजे पुढचे चाक उचलले जाते.

तीन, ड्रमवरचा बाण. ही खूण बहुतेकांना माहीतच नसते. चाकाजवळ जिथे ब्रेकची तार येऊन एका लोखंडी दांडीला अडकते, तिथे पुष्कळ गाड्यांवर एक छोटा बाण आणि झाकणावर एक खूण कोरलेली असते. ब्रेक पूर्ण दाबला असता बाण त्या खुणेपर्यंत पोहोचत असेल, तर लायनर संपले. आता नट कितीही कसला तरी उपयोग नाही, शू बदलावेच लागतील. आमच्या स्कूटरचा बाण कधीचाच त्या खुणेपाशी पोहोचला होता. मी तो पाहिलाच नव्हता.

चार, तार. लिव्हरपाशी आणि चाकापाशी तारेची दोन्ही टोके टॉर्च धरून पाहा. एक जरी बारीक तार तुटून तुसासारखी बाहेर आली असेल, तर तार बदला. तुटायला सुरुवात झालेली तार कधी तुटेल याचा नेम नसतो, आणि तुटते ती जोरात दाबल्यावरच. म्हणजे नेमकी गरजेच्या क्षणी.

पाच, डिस्क असेल तर. मोबाईलचा टॉर्च लावून कॅलिपरच्या फटीतून पॅड पाहा. लोखंडी पत्र्यावर चिकटवलेला जो काळपट थर दिसतो, तो खरा पॅड. शाळेची पट्टी शेजारी धरून अंदाज घ्या. थर दोन मिलिमीटरच्या आसपास आला असेल, किंवा त्यावरची खाच पुसली गेली असेल, तर बदलायची वेळ झाली. डिस्कला बोट लावून खोल चर जाणवतात का पाहा. पण हे गाडी थंड असताना. नुकत्याच चालवलेल्या गाडीची डिस्क भाजते.

सहा, ब्रेक ऑइल. हँडलवर छोट्या डबीला काचेची खिडकी असते. हँडल सरळ ठेवून पाहा, पातळी खालच्या रेघेच्या वर हवी. ती उतरली असेल तर फक्त वरून ओतून मोकळे होऊ नका. एक तर पॅड झिजले आहेत, नाही तर कुठे तरी गळती आहे. रंग चहासारखा गडद झाला असेल तर ते बदलायला हवे.

सात, मागचा दिवा. दोन्ही ब्रेक एकेकदा दाबून लाल दिवा लागतो का पाहा. आपण थांबलो हे मागच्याला कळलेच नाही, तर आपला चांगला ब्रेकही उपयोगाचा नाही.

एक गोष्ट नियमाची. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींपैकी १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस ही व्यवस्था किंवा एबीएस, आणि १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचे करण्यात आले. सीबीएसच्या स्कूटरवर डावी लिव्हर दाबली की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. त्यामुळे काही लोकांची उजवी लिव्हर वापरायची सवयच सुटते. पण ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे येतो आणि जास्त पकड पुढच्या चाकाला मिळते. म्हणून सवय दोन्ही लिव्हर एकत्र, हळूहळू दाबण्याचीच ठेवा. आपल्या बहिणींपैकी अनेक जणी पडायच्या भीतीने पुढचा ब्रेक लावतच नाहीत. रिकाम्या मैदानात सरावाने ही भीती जाते. ओल्या रस्त्यावर, वाळूवर किंवा हँडल वळलेले असताना मात्र पुढचा ब्रेक झटक्याने दाबू नये.

कार असेल तर: पॅडलवर पाय ठेवून ऐका

कारचे ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतात, आणि पायाला जोर कमी लागावा म्हणून मध्ये एक बूस्टर असतो. तो इंजिन चालू असतानाच मदत करतो. त्याची तपासणी घरी, उभ्या गाडीत होते. सपाट जागी, हँडब्रेक लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हे करा.

इंजिन बंद असताना पॅडल चार-पाच वेळा दाबा. ते कडक होईल. आता पाय तसाच दाबून ठेवून इंजिन चालू करा. पॅडल पायाखाली किंचित खाली गेले तर बूस्टर ठीक आहे. काहीच हालचाल झाली नाही आणि पॅडल दगडासारखे राहिले, तर बूस्टर किंवा त्याची नळी दाखवा.

इंजिन चालू ठेवून पॅडल नेटाने अर्धा मिनिट दाबून धरा. ते एका जागी स्थिर राहिले पाहिजे. हळूहळू खाली सरकत असेल तर कुठे तरी ऑइल निसटते आहे, बाहेर गळत असेल किंवा मास्टर सिलिंडरच्या आत. ही खूण गंभीर आहे. गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

पॅडल ओल्या स्पंजसारखे मऊ लागत असेल आणि दोन-तीन वेळा भराभर दाबल्यावर सुधारत असेल, तर नळ्यांमध्ये हवा शिरली असावी. हवा दाबली जाते, ऑइल दाबले जात नाही; म्हणून पायाचा जोर हवेतच संपतो.

नंतर रिकाम्या सरळ रस्त्यावर अगदी हळू चालवून हलका ब्रेक लावा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी चारही टायरची हवा तपासा. हवा बरोबर असूनही ओढत असेल तर एका बाजूचा कॅलिपर जाम किंवा पॅडवर तेल-ग्रीस असण्याची शक्यता आहे. ब्रेक लावताना पॅडल किंवा स्टिअरिंग ठराविक लयीत थरथरत असेल तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. एबीएसच्या गाडीत मात्र अचानक जोराने ब्रेक दाबल्यावर पॅडल पायाखाली थडथडते, ते बरोबर आहे. घाबरून पाय काढू नका, दाबूनच ठेवा.

डॅशबोर्डवर हँडब्रेक सोडूनही ब्रेकचा लाल दिवा राहिला तर गाडी बाजूला घ्या. फक्त एबीएसचा पिवळा दिवा असेल तर साधा ब्रेक बहुधा काम करतो, पण जोरात दाबल्यावर चाके अडकून गाडी घसरू शकते, लवकर दाखवा. आणि एक बारीकशी गोष्ट. ड्रायव्हरच्या पायाखालची चटई आणि पाण्याची बाटली. पॅडलच्या मागे बाटली अडकली तर चांगला ब्रेकही लागत नाही.

हे मात्र करू नका

ब्रेकवर तेल, ग्रीस, गंज सोडवायचा स्प्रे, साबणाचे पाणी, काहीही मारू नका. ब्रेकचे कामच मुळी घर्षणाचे आहे. घर्षण घालवले की आवाज जातो आणि ब्रेकही जातो. आमची चूक आपण करू नये. तेल प्यालेले लायनर घासून-पुसून पुन्हा वापरता येत नाही, ते बदलावेच लागते.

'ब्रेक ऑइल' या नावावरून फसू नका. ते वंगण नाही. त्याच्या डबीत इंजिन ऑइल किंवा दुसरे कुठले तेल पडले तर आतले रबर फुगते आणि ब्रेक निकामी होतो. डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असे लिहिलेले असते, तेच वापरायचे, आणि बंद बाटलीतले. हे द्रव हवेतला ओलावा शोषते. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषला की त्याची किमान मर्यादा १४० अंशांवर येते. घाटात ब्रेक तापले की असे जुने द्रव उकळते, वाफ होते आणि पॅडल एकदम खाली जाते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे. रंगावर सांडले तर रंग उडतो, लगेच पाण्याने धुवा.

ड्रम खोलल्यावर आतली धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या नळीने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. ओल्या फडक्याने पुसायला सांगा. गॅरेजमध्ये काम शिकणारी कोवळी पोरे दिवसभर ती धूळ श्वासात घेतात, त्यांनाही हे सांगा.

कारखाली केवळ जॅकच्या भरवशावर शिरू नका.

सिंहगड उतरताना

रविवारी सगळे कुटुंब सिंहगडावर जाते किंवा दिवे घाटातून सासवडकडे निघते. चढताना इंजिनची परीक्षा, उतरताना ब्रेकची. गिअर नसलेल्या स्कूटरला इंजिनची मदत कमी मिळते, सगळा भार ब्रेकवर येतो. सतत ब्रेक दाबून उतरलात तर लायनर इतके तापते की त्याची पकड सुटते. जळका वास येऊ लागला, लिव्हर दाबूनही गाडी कमी थांबू लागली, की रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबा. अर्धा तास ब्रेक थंड होऊ द्या, वर पाणी ओतू नका. वेग वाढण्याआधीच कमी ठेवा. थोडा ब्रेक, थोडी मोकळीक असे करा. मोटारसायकल आणि कार खालच्या गिअरमध्ये उतरवा, ज्या गिअरमध्ये चढवली असती त्याच. आणि चावी बंद करून, न्यूट्रलमध्ये कधीच उतरू नका. नवले पुलाचा उतार त्यासाठीच आठवावा.

मेकॅनिकशी बोलताना

डॉक्टरकडे जाताना आपण आजार कधीपासून, कुठे दुखते हे सांगतो. मेकॅनिकलाही तसेच सांगा. "ब्रेक बघा" एवढे म्हणू नका. "सकाळी नाही, पण गाडी तापल्यावर मागच्या चाकातून करकर येते, आणि लिव्हर मागच्या महिन्यापेक्षा खोल जाते," असे सांगा. मी तर एका वहीत लिहून ठेवते. बाईमाणूस इतके नेमके बोलते म्हटल्यावर समोरचाही काळजीने ऐकतो, हा माझा अनुभव आहे.

काढलेला जुना भाग दाखवायला सांगा आणि त्याची जाडी नव्याशी ताडून पाहा. ब्रेकचे भाग विश्वासाच्या दुकानातूनच, पावती घेऊन घ्या. नाना पेठेत दुचाकीचे स्पेअर पार्ट सगळ्या किमतींत मिळतात. पण शू आणि पॅड ही स्वस्तात स्वस्त शोधायची वस्तू नव्हे. पॅड एका चाकाचे दोन्ही एकदम बदलावेत. कारमध्ये एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत, नाही तर गाडी ओढते. काम झाल्यावर निघण्याआधी गाडी ढकलून, हळू चालवून ब्रेक लावून पाहा. डिस्कचे नवे पॅड बसवल्यावर पहिल्यांदा लिव्हर किंवा पॅडल रिकामे जाते. ते कडक होईपर्यंत दाबल्याशिवाय गाडी हलवू नये. नव्या लायनरला पूर्ण पकड यायला थोडे दिवस लागतात, तेवढे दिवस अंतर राखून चालवा.

शाळेच्या फाटकापाशी

आता मी सकाळी शाळेच्या फाटकाशी उभी असते तेव्हा माझे कान वेगळेच ऐकतात. मुलांना घेऊन रिक्षा आणि व्हॅन येतात. कुणाचा ब्रेक चिरचिरतो, कुणाचा करकरतो. रिक्षावाले काका आपल्यातलेच असतात. गाडी एक दिवस गॅरेजात राहिली तर त्या दिवसाची कमाई जाते, हे मी जाणते. म्हणून रागावून काही होत नाही. आमच्या एका काकांना मी हळूच म्हटले, "भाईजान, ब्रेक बदलायला हवेत वाटतं. शनिवारी दाखवाल का? सोमवारी एक दिवस आम्ही आमची मुलं सोडू." दोन घरांनी त्या दिवसाचे पैसे कापायचे नाहीत असे ठरवले. सोमवारी रिक्षा गॅरेजात होती आणि मंगळवारी फाटकापाशी ती गुपचूप येऊन थांबली. यासाठी भांडण लागले नाही की अर्जही करावा लागला नाही. आपल्या मुलांच्या गाडीचा आवाज एकदा तरी कान देऊन ऐका, एवढी विनंती सर्व पालकांना आहे.

आमच्या घरात आता शुक्रवारचे काम मुलाकडे आहे. त्या सोमवारनंतर तो दोन दिवस धड जेवला नव्हता. मी त्याला ओरडले नाही. शुक्रवारी सकाळी त्याला पार्किंगमध्ये नेले आणि त्याच्या नानांची रीत दाखवली. दोन पावले ढकल, ब्रेक दाब. पुन्हा दोन पावले. तेव्हापासून तो जुमाला निघण्याआधी न सांगता हे करतो आणि ड्रमवरचा बाण बघतो. धाकटी त्याच्या शेजारी उभी राहून विचारते, "भाईजान, थांबली का?"

तो "थांबली" म्हणाला की मगच ती मागे बसते.